उजव्या हातातल्या बांगड्या

आमच्या शाळेला कोळणींचं भारी वेड. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात वेशभूषेचा दिवस असायचा. त्या दिवशी एक वासुदेव, एक धनगर, एक भाजीवाली आणि सहा-सात कोळणी हव्यातच. शाळा मालाडला, स्टेशनपासून जवळ. मुली बहुतेक नोकरदारांच्या घरातल्या. त्यांच्या आया बाजारात मासे घ्यायच्या त्या नाकाला पदर लावून, आणि मुली मात्र कोळीण व्हायला एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. का, तर लुगडं गुडघ्यापर्यंत नेसायला मिळतं, अंबाड्यात वेणी माळता येते आणि कमरेवर हात ठेवून ठसक्यात चालता येतं. घरी तशा चालल्या असत्या तर पाठीत धपाटा बसला असता.

आणि खरी कोळीण बसलेली मागच्या बाकावर. म्हणजे मी. मला दोन वर्षं भाजीवाली केलं, एका वर्षी नुसतं झाडाची फांदी धरून मागे उभं केलं. कोळीण कधी नाही. मी काळी, स्टेजवर दिसणार नाही म्हणे. अगं बायांनो, कोळणी काय लोण्यात घोळवलेल्या असतात? पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. पाचवीत एकदा भर वर्गात ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणाले होते. घरी आम्ही तसंच बोलतो. त्यावर जो हशा पिकला, तेव्हापासून मी शाळेत मोजून शब्द काढायची.

आमचा कोळीवाडा मालाडच्या पश्चिमेला, खाडी समुद्राला मिळते तिथं. घर एकच, मधे कुडाची भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकी. बाबा आणि काका एकाच बोटीवर जायचे. आई आणि काकी मालाडच्या बाजारात शेजारी शेजारी बसायच्या. नात्यानं जावा, पण एकीला ठेच लागली की दुसरी आई गं म्हणायची. काकीला मूल नव्हतं. माझे केस तीच विंचरायची, आणि आईनं विंचरले तर पुन्हा सोडून विंचरायची.

मी सातवीत गेले त्या वर्षी नव्या बाई आल्या. साठचं दशक संपत आलं होतं. बाई तरुण होत्या, नुकतं लग्न झालेलं, हातभर हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की त्यांनी रागावलं तरी बरं वाटावं. मला त्या फार आवडायच्या. जानेवारीत वेशभूषेची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू कोळीवाड्यातून येतेस ना गं? मग या सगळ्यांत पुढे तू उभी राहायचं. आणि आईला घेऊन ये. दर वर्षी आपण काहीतरी गुंडाळतो आणि कोळीण म्हणतो. त्या नेसवतील तसं नेसू या."

सगळ्यांत पुढे! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दुसरीकडे धसका बसला की आई शाळेत येणार आणि बोलणार.

आई आधी नको म्हणाली. "मी कशाला गो शाळंत? अंगाचा वास जात नाय." मग काकीनंच तिला दटावलं. पेटी उघडून स्वतःचं लग्नातलं लुगडं काढून दिलं आणि म्हणाली, "पोरीला हे नेसव. चमकली पायजे." आईनं शिकेकाई लावून नहाणं केलं, चार लुगडी बोचक्यात बांधली. बाबा आणि काका आदल्या दिवशीच बोट घेऊन गेले होते. तीन दिवसांनी परत यायचे होते.

बसमध्ये मी आईला शिकवत आले. शाळेत ‘मना’ म्हणायचं नाही, ‘मला’ म्हणायचं. ‘गो’ नाही म्हणायचं. जमलं तर बोलायचंच नाही. आई हो हो म्हणत होती. मला आज त्या बसची आठवण झाली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वर्गातले बाक भिंतीला लावून बाईंनी तयारीची खोली केली होती. आईनं एकेकीला पुढ्यात घेतलं आणि झपाझप नेसवायला लागली. कलेक्टर कचेरीतल्या साहेबाची मुलगी असो नाहीतर डॉक्टरची, आई तिच्या कमरेवर चापट मारून म्हणायची, "सरळ उभी रव्ह गो!" आणि ती सरळ उभी राहायची. मला वाटलं तेवढं काही वाईट चाललेलं नाही. मुलींनी पुठ्ठ्याचे मासे कापून रंगवले होते. त्यातल्या पापलेटाला कोणीतरी वर-खाली चांगले बत्तीस दात काढले होते. आईनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, "याला मी खाऊ, का हाच मना खाईल?"

सगळ्या खो खो हसल्या. त्या दातांना हसल्या की ‘मना’ला, ते मला कळलं नाही. माझे कान तापले. आईही त्यांच्याबरोबर हसत होती.

आता बांगड्यांचं सांगते. बाईंनी कासाराकडून डब्बा भरून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या आणि मुलींचे दोन्ही हात भरले होते. आई म्हणाली, उजवा हात मोकळा ठेवा. मुलींच्या बाबतीत तिनं फार ताणलं नाही, पोरींचा खेळ आहे म्हणाली. पण तेवढ्यानं बाईंचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. डावा हात काचेच्या बांगड्यांनी मनगटापासून वर भरलेला, आणि उजवा रिकामा.

आमच्या वाड्यात लग्न झालेली बाई उजव्या हातात काचेची बांगडी घालत नसे. लग्नात त्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या. त्याला सांगायचं, ह्या तुझ्या, आणि आमचा माणूस आमचा. एकदा दिल्या त्या दिल्या. तो हात मग जन्मभर मोकळा. वाड्यातल्या कुठल्याही पोरीला विचारा, हे तिला न शिकवता ठाऊक असायचं.

बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या घरी सवाष्णीचा हात रिकामा म्हणजे अशुभ. त्यांना वाटलं असणार, बिचारीला दुसऱ्या हाताच्या बांगड्या घेणं परवडत नसेल. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्या आईला म्हणाल्या, "फोटो काढायचाय, तुम्हीही मुलींबरोबर उभ्या राहा. पण त्याआधी हात द्या बघू इकडे. सवाष्ण बाई तुम्ही, असा हात मोकळा नको."

"नाय बाय, हा हात आमी नाय भरत," आई म्हणाली.

"माझ्याकडून समजा. परवाच संक्रांत झाली, वाण समजा. वाणाला नाही म्हणू नये."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला सांगता येत नव्हतं असं नाही, पण मी तिला बोलू नको म्हणून बजावलं होतं. आता मीच सांगावं, शाळेच्या मराठीत, नीट, म्हणून ती माझ्याकडे बघत होती. एका वाक्याचं काम होतं. बाई, आमच्यात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात. बस्स. बाई शहाण्या होत्या, त्यांनी कौतुकानं ऐकलं असतं. पण सहा मुली कान टवकारून उभ्या होत्या. समुद्राला बांगड्या देतात म्हटलं की आता पुन्हा हसणार, आणि यंदा मी सगळ्यांत पुढे उभी राहणार होते. मी दात-ओठ खाऊन म्हणाले, "घाल ना गं आई. तमाशा कशाला?"

घरी मी तिला आये म्हणायची. आई मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. तिनं ते ऐकलं. मग उजवा हात पुढे केला.

बांगड्या मुलींच्या मापाच्या होत्या. आईचा पंजा पाट्या उचलून रुंद झालेला. बाईंनी पाणी आणि साबण आणवला, अंगठा मुडपून, हाडं दाबून, अगदी कासारणीच्या कौशल्यानं एकेक करत सहा बांगड्या चढवल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं का हो?" बाईंनी विचारलं. आई नाही म्हणाली. फोटो निघाला. आमच्या वर्गाला पहिला नंबर मिळाला आणि मी काकीच्या लग्नाच्या लुगड्यात टाळ्या घेतल्या.

परतीच्या बसमध्ये आई पदराखाली त्या बांगड्या ओढत होती. घरी आल्यावर साबण लावला, खोबरेल लावलं, हात वर धरून बसली. एकही निघेना. चढल्या तशा उतरेनात. मी म्हटलं, फोडून टाक ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले.

"बापूस दर्यावर असताना आपल्या हातानं काच फोडतात का गो? रांड म्हणून घेऊ आपल्याला?"

इकडे आड, तिकडे विहीर. ठेवाव्या तर दर्याला दिलेलं परत घेतल्यासारखं, फोडाव्या तर नवरा गेल्यासारखं. आईनं हात पदरात गुंडाळला. "परवा बोट येईल, तवा बघू," म्हणाली. "काकीला काय सांगू नको."

परवा बोट आली नाही.

वाड्यातल्या बाकीच्या बोटी आल्या. वारा मधेच फिरला होता म्हणाले, पण तुफान वगैरे काही नाही. आमची बोट लांब गेली होती, येईल. दुसरा दिवस गेला. काकी किनाऱ्यावर जाऊन बसली ती उठेना. आई तिच्याजवळ बसायची, पण तिच्या उजव्या बाजूला, आपला उजवा हात पलीकडे पदरात. मी शाळेत गेले नाही. मी खाडीच्या कडेला गेले, माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या काढल्या आणि पाण्यात टाकल्या. म्हटलं, या घे आणि त्या सोड. बारा वर्षांच्या पोरीचा सौदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकीला भोवळ आली. ती कलंडली तशी आईनं तिला सावरायला दोन्ही हात पुढे केले. आईच्या मांडीवर डोकं ठेवून काकीनं डोळे उघडले आणि तिला समोर तो हात दिसला.

"हे कोणी भरलं?"

आईनं हात पदरात ओढून घेतला.

"मी इचारते, कोणी भरलं? कवा भरलं?"

मी तिथंच होते, दोघींच्या पायाशी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच भरलं," ती म्हणाली. "शाळंत पोरी नटलेल्या, मनाबी हौस झाली."

काकी उठून बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. "ही येळ होती हौसेची?" एवढंच म्हणाली आणि सरकून लांब बसली. मी तांब्या धरून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर शब्द निघाला असता. मी उघडलं नाही.

संध्याकाळी बोट आली. बाबा उतरले. काका नव्हते. जाळं सोडताना काकांचा पाय दोराच्या वेढ्यात अडकला आणि वजनासकट ते खाली गेले. बाबा आणि खलाशी दोन दिवस तिथंच घिरट्या घालत राहिले, म्हणून उशीर झाला होता. काका सापडले नाहीत.

मला आता कोणी शहाणपण शिकवू नये. माणूस दोरानं नेला, बांगडीनं नाही, हे मला कळतं. मी पुढं शिकले, नोकरी केली, माझ्याही डोक्यात चार पुस्तकं आहेत. पण त्या संध्याकाळी बाबांना बघून काकीनं जो हंबरडा फोडला, त्यात शब्द हेच होते: "हिनं आपला मागून घेतला आणि माझा दिला!" आख्ख्या वाड्यानं ते ऐकलं. बायका आईच्या हाताकडे बघत होत्या. बाबांनी घरी आल्यावर एक शब्द विचारला नाही. आईच्या मनगटाला फडकं गुंडाळलं, जाळ्याचा दगड घेतला आणि त्या सहाही बांगड्या स्वतः फोडल्या. जिवंत नवऱ्यानं फोडल्या तर काय होतं, याचा नियम वाड्यात कोणालाच ठाऊक नव्हता.

पंधरवड्यानं मी शाळेत गेले. बाईंना बातमी कळली होती. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "तुझे बाबा सुखरूप आले ना, देवाची कृपा. सवाष्णीचा हात भरलेला असला की देव राखतो बघ," त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. मी हो म्हणाले. त्यांनी दिलेला फोटो मी घरी नेलाच नाही.

काकीनं त्या दिवसापासून आईशी बोलणं सोडलं. बाजारात ती दुसऱ्या टोकाला बसायला लागली. घरात कुडाची एक भिंत, पाण्याला एकच नळ, पण आई आली की काकी हंडा उचलून निघून जायची. नारळी पौर्णिमेला बायका दर्याला नारळ द्यायला जमायच्या तेव्हा आई आपणहून मागे राहायची. वाड्यात तिला कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण नव्या नवरीचा हात भरायला तिला पुन्हा कधी कोणी बोलावलं नाही.

आणि माझ्यावर काकीची माया होती तशीच. उलट वाढली. माझे केस विंचरणं तिनं सोडलं नाही. आई कालवण करायची, वाटी माझ्या हाती द्यायची, मी भिंतीपलीकडे नेऊन ठेवायची आणि काकी ते खायची. आईच्या हातचं आहे हे तिला ठाऊक होतं, मी आणलंय म्हणून खायची. माझ्या लग्नात तिनं काका गेल्यावर पहिल्यांदा ढोलकीपुढं बसून गाणं म्हटलं, मांडवाच्या एका कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात आई होती. अशी माया करणारं माणूस हातचं कोण घालवेल? मी घालवलं नाही. खरं कारण हेच. बाकी सगळ्या सबबी.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, "आये, मी सांगते तिला. मीच तुला घालायला लावल्या म्हणून."

आई हळद कालवत होती. "नको गो. तिला कोणावर तरी राग धरायला पायजे. माझ्यावर धरला तर मी सोसते, माझा माणूस घरी हाय. तुझ्यावर धरला तर तू काय करशील? आणि तिला तरी दुसरं पोर कुठं हाय?"

मला हेच ऐकायचं होतं. मी लगेच गप्प झाले. पुन्हा विषय काढला नाही, आईनंही काढला नाही. बाबा गेले, अंथरुणावर, साध्या तापानं. मग आईही आजारी पडली. शेवटचे आठ दिवस मी माहेरी होते. त्या आठ दिवसांत मी तिला चारदा तरी विचारलं असेल, काकीला बोलावू का. ती मान हलवायची, ती हो की नाही ते कळत नसे, आणि मी सोयीनं ते ‘नाही’ असं धरत गेले.

बाराव्याला काकी आमच्या घरात आली. सव्वीस वर्षांनी. कोणाला न विचारता चुलीपाशी बसली आणि सुपातले तांदूळ निवडायला लागली. घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बाई, वाण, सहा मुली, मी काय म्हणाले, आईनं हात कसा पुढे केला. पाण्याचा तांब्या हातात धरून मी कशी उभी राहिले, तेही. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकीचे हात सुपात थांबले होते.

"ती जित्ती होती तवा सांगायचं ना गो," ती म्हणाली. "आता मना सांगून मी कोणाशी बोलू?"

मी रडत होते. ती रडत नव्हती.

"ती गेली त्या दिशी पहाटंला पानी मागत होती. तुझा डोळा लागलेला. मना भिंतीतून ऐकू येत होतं. दोनदा मागितलंन, मग गप झाली." काकीनं सूप बाजूला ठेवलं. "मी जागी होते. मी उठले नाय."

मी तिचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले.